मुलीची वाढलेली तहान, पुन्हा ओले होणारे अंथरूण आणि ग्लुकोमीटरवर २१२ : मधुमेहाची शंका किती गंभीरपणे घ्यावी?

काळजीतली_आई

नमस्कार. माझी मुलगी साडेसात वर्षांची आहे. ती गेल्या काही आठवड्यांपासून फार पाणी पिऊ लागली आहे, हे आधी तिच्या वर्गशिक्षिकेच्या लक्षात आले. तास चालू असताना ती वारंवार लघवीला जाण्याची परवानगी मागते आणि भरून नेलेली बाटली मधल्या सुट्टीपूर्वीच रिकामी होते, असे त्यांनी वहीत लिहून पाठवले. तेव्हापासून मी घरी लक्ष ठेवले, तर ती रात्रीही दोन-तीनदा उठून पाणी पिते असे दिसले. तीन वर्षांची झाल्यापासून तिने कधी अंथरूण ओले केले नव्हते. आता ते पुन्हा होऊ लागले आहे. त्याची तिला इतकी लाज वाटते की एकदा ओली चादर घडी करून तिने कपाटात कपड्यांच्या मागे सारून ठेवली होती. भूक कमी झालेली नाही, उलट वाढली आहे. तरीही गणवेशाचा स्कर्ट कमरेला सैल होऊ लागल्यामुळे मला आतून पिन लावावी लागली. संध्याकाळी खेळायला जाण्याऐवजी ती पडून राहते.

माझ्या सासऱ्यांना बऱ्याच वर्षांपासून मधुमेह आहे, त्यामुळे घरात ग्लुकोमीटर असतो. काल रात्री जेवणानंतर साधारण दोन तासांनी मी तिची साखर तपासली, ती २१२ आली. त्याआधी थोडा वेळ ती फळ खात होती आणि हात धुतलेले नव्हते. आज सकाळी हात धुऊन उपाशीपोटी पुन्हा पाहिली, तेव्हा ११८ आली. सासरे म्हणतात की ११८ म्हणजे काहीच नाही, त्यांची स्वतःची साखर याहून जास्त असते. घरातल्या इतरांचे म्हणणे असे की जंत झाले असतील किंवा गोड जास्त झाले असेल, तेवढे बंद करावे. बालरोगतज्ज्ञांची वेळ पुढच्या आठवड्यातली मिळाली आहे आणि तोपर्यंत एचबीएवनसी करून ठेवा, असे त्यांच्या दवाखान्यातून फोनवर सांगण्यात आले.

हा खरोखर मधुमेह असू शकतो का, पुढच्या आठवड्यापर्यंत थांबणे योग्य आहे का, नेमकी कोणती तपासणी करावी आणि तोपर्यंत तिच्या खाण्यापिण्यात काही बदल करावा का, हे कृपया जाणकारांनी सांगावे.

बालरोग_चिकित्सक

ताई, मी तुमच्या मुलीला तपासलेले नाही, त्यामुळे निदान करू शकत नाही. परंतु तुम्ही जे लिहिले आहे त्यावरून एक गोष्ट निःशंकपणे सांगतो, की पुढच्या आठवड्याची वाट पाहू नका. आजच, हे वाचून झाल्यावर, जिथे रक्ततपासणी लगेच होते आणि तिचा निकाल तासाभरात हाती मिळतो अशा रुग्णालयात तिला घेऊन जा. सकाळी उपाशीपोटी जायचे म्हणून उद्यापर्यंतही थांबू नका. वाढलेली तहान, वाढलेली लघवी, सुटलेली सवय पुन्हा लागून ओले होणारे अंथरूण, भूक असूनही घटणारे वजन आणि थकवा ही सर्व लक्षणे एकाच मुलात एकत्र दिसत असतील, तर दुसरे काही सिद्ध होईपर्यंत तो मधुमेहच आहे असे समजून चालावे, अशी आमची शिस्त आहे. मुलांमध्ये तो बहुतेक वेळा पहिल्या प्रकारचा असतो आणि तो मोठ्यांच्या मधुमेहासारखा वर्षानुवर्षे सावकाश वाढत नाही. मूल बरे दिसत असते आणि एक-दोन दिवसांत अत्यवस्थ होऊ शकते.

लक्षणे अशी का दिसतात हे समजले, तर घरातल्या इतरांनाही तुम्हाला समजावता येईल. पहिल्या प्रकारच्या मधुमेहात शरीराची प्रतिकारशक्ती स्वादुपिंडातल्या इन्सुलिन तयार करणाऱ्या बीटा पेशींवर हल्ला करते आणि इन्सुलिन कमी पडू लागते. इन्सुलिनशिवाय साखर पेशींच्या आत नीट जाऊ शकत नाही, म्हणून ती रक्तात साठत जाते. रक्तातली साखर साधारण १८० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या वर गेली की मूत्रपिंडांना ती सगळी परत शोषून घेता येत नाही. ती लघवीत उतरते आणि जाताना स्वतःबरोबर पाणी ओढून नेते. म्हणून लघवी वाढते, लघवी वाढते म्हणून तहान लागते. पोटभर खाऊनही पेशी उपाशी राहतात, म्हणून शरीर स्वतःचीच चरबी आणि स्नायू जाळू लागते आणि वजन उतरते. चरबी जळताना कीटोन नावाची आम्ले तयार होतात. ती साठत गेली की रक्त आम्लयुक्त होते; या अवस्थेला कीटोॲसिडोसिस म्हणतात आणि आम्हाला जी भीती असते ती हीच.

आता तुमच्या दोन आकड्यांविषयी. लक्षणे असताना केव्हाही घेतलेली साखर २०० किंवा त्याहून अधिक आली, तर मधुमेहाच्या निदानाचा निकष पूर्ण होतो. मात्र ती शिरेतून घेतलेल्या रक्तावर प्रयोगशाळेत तपासलेली असावी लागते. उपाशीपोटीची साखर १०० च्या आत असणे सामान्य, १२६ किंवा अधिक म्हणजे मधुमेह, आणि १०० ते १२५ ही मधली, सामान्य नसलेली पातळी. म्हणजे ११८ हा आकडा दिलासा देणारा नाही. आजोबांच्या आकड्याशी त्याची तुलना करणेही बरोबर नाही, कारण ते मधुमेहाचे उपचार घेणारे प्रौढ आहेत आणि ही आतापर्यंत निरोगी असलेली मुलगी आहे. आजाराच्या सुरुवातीला थोडे इन्सुलिन शिल्लक असते, त्यामुळे रात्रभर काही न खाल्ल्यावर साखर बरीच खाली येते आणि जेवणानंतर मात्र चढते. केवळ सकाळचा आकडा पाहून ‘काही नाही’ असे म्हटले गेल्यामुळे निदान लांबते, हे मी अनेकदा पाहिले आहे आणि त्याचे मला दर वेळी फार वाईट वाटते.

एचबीएवनसी अवश्य करा, पण तिच्या निकालासाठी थांबू नका आणि तिच्यावर एकटीवर विसंबू नका. ती मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी दाखवते. मुलांमध्ये साखर काही आठवड्यांतच झपाट्याने वाढलेली असते, त्यामुळे ६.५ टक्क्यांच्या निकषाखालचा निकाल येऊनही मधुमेह असू शकतो. आज हव्या आहेत त्या साध्या गोष्टी : शिरेतल्या रक्तातली साखर, रक्तातले किंवा लघवीतले कीटोन आणि डॉक्टरांची प्रत्यक्ष तपासणी. साखर आणि कीटोन वाढलेले आढळले, तर ते रक्ताची आम्लता आणि क्षारही पाहतील. साखर पाजून करतात ती दोन तासांची चाचणी अशा लक्षणांच्या मुलाला सहसा लागत नाही. तिचा आग्रह कोणी धरला, तर आधी साधी साखर आणि कीटोन पाहावेत अशी विनंती करा.

पुढीलपैकी काहीही दिसले, तर ओळखीच्या डॉक्टरांचा शोध घेत बसू नका, थेट आपत्कालीन विभागात जा : उलट्या, पोटात दुखणे, खोल आणि जलद श्वास, श्वासाला पिकलेल्या फळासारखा किंवा नखांचा रंग काढण्याच्या द्रवासारखा वास, जीभ आणि ओठ कोरडे पडणे, गुंगी येणे किंवा नेहमीसारखे न बोलणे.

जाईपर्यंत तिचे पाणी मुळीच तोडू नका. लघवी कमी व्हावी म्हणून पाणी कमी देणे हा स्वाभाविक वाटणारा पण अत्यंत घातक उपाय आहे. साखरयुक्त पेये देऊ नका. नेहमीचे जेवण द्या, उपाशी ठेवू नका. आजोबांच्या गोळ्या किंवा इन्सुलिन तिला कोणत्याही परिस्थितीत देऊ नका. आणि तिला सांगा की अंथरूण ओले होणे ही तिची चूक नाही, आपण त्याचे कारण शोधायला चाललो आहोत.

प्रयोगशाळेत_काम_करणारी

डॉक्टरांनी मुख्य ते सांगितले आहेच; मी फक्त यंत्राविषयी लिहिते, कारण त्या २१२ बद्दल तुमच्या मनात शंका दिसते आणि ती रास्त आहे. बोटाला फळाचा रस किंवा साखर लागलेली असेल, तर रक्ताच्या इवल्याशा थेंबात ती मिसळून आकडा पुष्कळ वाढू शकतो. पहिला थेंब पुसून दुसरा घेतल्याने हा दोष पूर्णपणे जात नाही. साबणाने हात धुऊन, कोरडे करून, बोटाच्या पेराच्या कडेला टोचावे. मध्यभागी टोचल्यास दुखते जास्त. पट्ट्यांची मुदत पाहावी आणि डबीचे झाकण उघडे राहिले नव्हते ना, हेही पाहावे, कारण दमटपणाने पट्ट्या खराब होतात. टोचण्याची सुई मात्र प्रत्येकाची वेगळी आणि नवीच हवी. आजोबांची वापरलेली सुई नातीला वापरू नये.

हे सर्व नीट केले तरी घरगुती यंत्राला ठरावीक फरकाची मुभा असते. आंतरराष्ट्रीय मानकानुसार १०० च्या वरचे ९५ टक्के आकडे प्रयोगशाळेच्या आकड्याच्या १५ टक्के अलीकडे-पलीकडे असले, तर यंत्र योग्य मानले जाते. म्हणजे हात स्वच्छ असते तरी २१२ ची खरी साखर १८५ किंवा २४० असू शकली असती. म्हणून ग्लुकोमीटर शंका घेण्यासाठी उपयोगी आहे, निदानासाठी नाही. माझी खरी विनंती मात्र याच्या उलट दिशेची आहे : ‘हात धुतले नव्हते, म्हणून आकडा चुकला असेल’ या विचारात आणखी एक दिवस घालवू नका. लक्षणे हात न धुतल्यामुळे आलेली नाहीत.

नमुना देताना एवढे पाहा, की साखरेसाठीचे रक्त राखाडी झाकणाच्या, फ्लोराइड असलेल्या नळीत घेतले जाते आहे किंवा नमुना लगेच तपासला जातो आहे. साध्या नळीत रक्त तसेच राहिले, तर त्यातल्या पेशी साखर वापरत राहतात आणि आकडा तासाला साधारण ५ ते ७ टक्क्यांनी घटतो. एचबीएवनसीच्या बाबतीत, मुलीला रक्तक्षय असेल किंवा घरात थॅलेसेमिया असेल, तर ते प्रयोगशाळेला आणि डॉक्टरांना आधीच सांगा, कारण त्या स्थितींत हा निकाल दिशाभूल करू शकतो.

शाळकरी_मुलाचा_बाबा

माझ्या मुलाला पाच वर्षांचा असताना पहिल्या प्रकारचा मधुमेह झाला. आता तो माध्यमिक शाळेत आहे. त्याचे निदान अतिदक्षता विभागात झाले, म्हणून हे लिहितो आहे. त्याला उलट्या आणि पोटदुखी सुरू झाली, तेव्हा ते पोटाचे साधे संक्रमण समजले गेले आणि त्यासाठीची औषधे दिली गेली. साखर तपासण्याचे कोणाला सुचले नाही. दुसऱ्या दिवशी तो झोपेतून नीट उठेना आणि त्याचा श्वास धावून आल्यासारखा चालू होता. नंतर डॉक्टरांनी आम्हाला एक खूण सांगितली, ती मी भेटेल त्या प्रत्येक पालकाला सांगतो : उलट्यांनी अंगातले पाणी कमी झालेले मूल लघवी कमी करते. जीभ कोरडी पडली आहे, डोळे खोल गेले आहेत, आणि तरीही मूल भरपूर लघवी करते आहे, तर हे पोटाचे दुखणे नाही, साखर पाहा.

त्याला बरे करणेही सोपे नव्हते. शिरेतून द्यायचे पाणी आणि इन्सुलिन फार मोजून, हळूहळू द्यावे लागत होते, कारण घाईने साखर आणि पाण्याचा तोल बदलला तर मुलांच्या मेंदूला सूज येण्याचा धोका असतो. ताई, तुमची मुलगी अजून चालते-बोलते आहे, शाळेत जाते आहे. हीच वेळ साधायची आहे. आज निदान झाले, तर कदाचित तिला त्या विभागाचे दारही पाहावे लागणार नाही.

घरातल्यांच्या बोलण्याविषयी एक सांगावेसे वाटते. आमच्याकडेही गोड खाल्ल्याने झाले, लाडाने झाले, असे पुष्कळ ऐकवले गेले आणि माझ्या पत्नीने ते फार मनाला लावून घेतले. पहिल्या प्रकारचा मधुमेह गोड खाल्ल्याने होत नाही. तुम्ही तिला काय दिले आणि काय दिले नाही, याचा हिशेब मांडत बसू नका.

तापातली_साखर

सर्वांच्या मताचा आदर राखून एक वेगळा अनुभव मांडते, कारण प्रत्येक वाढलेला आकडा मधुमेहच असतो असे नाही. माझ्या धाकट्या मुलाला तीव्र न्यूमोनिया झाला असताना त्याची साखर २३० पर्यंत गेली होती आणि आम्ही हादरलो होतो. आजाराच्या ताणामुळे शरीरात जी संप्रेरके वाढतात, त्यांनी साखर तात्पुरती चढते, असे डॉक्टरांनी सांगितले. तो बरा झाल्यावर सर्व तपासण्या सामान्य आल्या आणि पुढेही सामान्यच राहिल्या. वारंवार लघवीला जाण्याची तर अनेक कारणे असतात. माझ्या पुतणीला ते मूत्रमार्गाच्या संसर्गामुळे होत होते. त्यामुळे ताईंनी धीर सोडू नये, एवढेच म्हणायचे आहे.

बालरोग_चिकित्सक

आपला अनुभव खरा आहे आणि तो इथे येणे आवश्यक होते. तीव्र ताप, झटके, मोठी इजा किंवा स्टिरॉइडची औषधे यांमुळे साखर तात्पुरती वाढते. परंतु तशा मुलाला त्याआधी कित्येक आठवडे तहान आणि वजनघट नसते. या मुलीला ताप नाही, कोणते औषध चालू असल्याचेही लिहिलेले नाही. म्हणून तिच्या बाबतीत मी त्या शक्यतेवर भिस्त ठेवणार नाही.

मूत्रमार्गाच्या संसर्गात लघवी वारंवार होते, पण थोडी-थोडी होते आणि जळजळ किंवा ताप असू शकतो. बद्धकोष्ठतेनेही मूल पुन्हा अंथरूण ओले करू लागते. काही मुलांना दिवसा दर दहा-पंधरा मिनिटांनी चमचाभर लघवीला जावेसे वाटते आणि झोपल्यावर ते थांबते. ते बहुधा निरुपद्रवी असते. लघवी खरोखर भरपूर, फिकट, रात्रीही होत असेल आणि साखर मात्र सामान्य असेल, तर लघवीवर नियंत्रण ठेवणाऱ्या व्हासोप्रेसिन या संप्रेरकाच्या कमतरतेचा विचार करावा लागतो. हे सगळे वेगळे करण्याची सुरुवात मात्र साखर आणि लघवीच्या त्याच साध्या तपासणीने होते. मधुमेह नसला तर ते आजच कळेल आणि कोणाचेच नुकसान होणार नाही.

आणखी एक शक्यता नोंदवून ठेवतो. काही कुटुंबांत एका जनुकातल्या बदलामुळे उपाशीपोटीची साखर जन्मापासून साधारण १०० ते १४५ च्या दरम्यान राहते, वर्षानुवर्षे फारशी वाढत नाही आणि तिला सहसा औषधही लागत नाही. तिथे लक्षणे नसतात. आकडा दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या तपासणीत अचानक सापडतो. ज्या पालकांच्या मुलाला काहीच त्रास नाही आणि केवळ सकाळची साखर थोडी जास्त येते, त्यांनी ही माहिती लक्षात ठेवावी. या मुलीचे चित्र तसे नाही.

काळजीतली_आई

आपणा सर्वांचे आभार कसे मानू ते कळत नाही. पहिले उत्तर वाचल्याबरोबर आम्ही तिला घेऊन निघालो. रुग्णालयात शिरेतल्या रक्ताची साखर ३४२ आली. कीटोन वाढलेले आहेत, पण रक्ताची आम्लता अजून बिघडलेली नाही, त्यामुळे सामान्य कक्षातच ठेवले आहे आणि इन्सुलिन त्वचेखाली सुरू केले आहे. पहिल्या रात्रीनंतरच तिचे पाण्यासाठी उठणे कमी झाले.

आता मन थोडे स्थिर झाल्यावर प्रश्न पडत आहेत. इथल्या डॉक्टरांनी प्रतिपिंडांची (अँटीबॉडीची) तपासणी पाठवली आहे. इन्सुलिन सुरू झाल्यावर तिचा उपयोग काय? आजोबांचा मधुमेह तिच्याकडे आला का? तिला चार वर्षांचा भाऊ आहे, त्याचे काय करावे? आणि सासरे विचारतात की गोळ्यांवर भागणार नाही का. इन्सुलिन एकदा लागले की सुटत नाही, याची त्यांना फार धास्ती आहे.

बालरोग_चिकित्सक

तुम्ही वेळेवर गेलात, याचे मनापासून समाधान वाटले. रक्त आम्लयुक्त होण्याआधी निदान होणे ही या आजारात फार मोठी गोष्ट आहे.

प्रतिपिंडांची तपासणी प्रकार निश्चित करण्यासाठी असते. गॅड, आयए-२, झिंक ट्रान्सपोर्टर ८ ही बीटा पेशींतली प्रथिने आणि इन्सुलिन यांच्याविरुद्धची प्रतिपिंडे पाहिली जातात. ती सापडली तर पहिला प्रकार पक्का होतो. इन्सुलिनविरुद्धची प्रतिपिंडे मात्र बाहेरून इन्सुलिन दिल्यामुळेही पुढे तयार होतात, म्हणून नमुना उपचाराच्या सुरुवातीलाच घेणे योग्य. तुमच्या डॉक्टरांनी तेच केले आहे. कोणतीच प्रतिपिंडे सापडली नाहीत, तर दुसऱ्या प्रकाराचा किंवा जनुकीय प्रकाराचा विचार होईल. दुसरा प्रकार मुलांमध्ये सहसा वयात येताना किंवा त्यानंतर, लठ्ठपणाबरोबर दिसतो आणि मानेवर किंवा काखेत काळपट, जाडसर त्वचा आढळते. आजोबांचा मधुमेह बहुधा दुसऱ्या प्रकारचा असावा. तो वेगळा आजार आहे आणि तिचा आजार त्यांच्याकडून आलेला नाही, हे त्यांना आवर्जून सांगा. पहिल्या प्रकारचा मधुमेह झालेल्या बहुसंख्य मुलांच्या जवळच्या नातेवाइकांत हा आजार कोणालाच नसतो.

इन्सुलिनविषयी आजोबांशी शांतपणे बोला. मोठ्यांच्या मधुमेहातल्या बहुतेक गोळ्या एकतर स्वादुपिंडाला अधिक इन्सुलिन सोडायला लावतात किंवा असलेले इन्सुलिन अधिक परिणामकारक करतात. जिथे ते तयार करणाऱ्या पेशीच नष्ट होत आहेत, तिथे गोळ्यांनी भागत नाही. ते सुटत नाही, हे खरे आहे. पण ते व्यसन लागते म्हणून नव्हे, तर शरीराला ते जन्मभर हवेच असते म्हणून. १९२२ च्या जानेवारीत टोरांटो येथे १४ वर्षांच्या एका मुलाला प्रथम इन्सुलिन टोचले गेले, त्यापूर्वी या आजाराच्या मुलांना जवळजवळ उपाशी ठेवून थोडे दिवस जगवणे, एवढाच उपाय वैद्यांच्या हाती होता. त्या मुलाच्या आईवडिलांना जे मिळाले, तेच तुमच्या मुलीला आज मिळते आहे.

मात्र एका टप्प्यासाठी आतापासूनच मनाची तयारी ठेवा. उपचार सुरू झाल्यावर काही आठवड्यांत, उरलेल्या बीटा पेशींवरचा ताण कमी झाल्यामुळे, इन्सुलिनची गरज एकदम घटू शकते आणि आकडे सुंदर येऊ लागतात. हा काळ काही आठवडे ते काही महिने, क्वचित त्याहून अधिक टिकतो. त्या वेळी आजार बरा झाला असे सांगणारे आणि एखाद्या औषधाला त्याचे श्रेय देणारे भेटतील. डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे मात्रा कमी करा, पण इन्सुलिन स्वतःहून बंद करू नका. या टप्प्यावर ते बंद करून पुन्हा कीटोॲसिडोसिसमध्ये आलेली मुले मी पाहिली आहेत.

भावाविषयी : सख्ख्या भावंडांपैकी साधारण विसात एकाला पुढे हा आजार होतो, म्हणजे न होण्याचीच शक्यता खूप अधिक आहे. त्याची रोज साखर तपासत बसू नका. त्यालाही त्या भीतीत ओढू नका. तहान, लघवी, वजन यांत बदल दिसला तर लगेच तपासा. इच्छा असेल तर त्याच्या प्रतिपिंडांची तपासणी करता येते. दोन किंवा अधिक प्रतिपिंडे असतील, तर साखर सामान्य असतानाच आजाराचा पहिला टप्पा सुरू झाला, असे आज मानले जाते. मग नियमित देखरेखीमुळे अत्यवस्थ होण्याआधीच निदान होते. साखर बिघडू लागलेल्या दुसऱ्या टप्प्यात आजार लांबवणाऱ्या टेप्लिझुमॅब या औषधाला नोव्हेंबर २०२२ मध्ये अमेरिकेत ८ वर्षांवरील वयासाठी मान्यता मिळाली. त्याने आजार टळत नाही, साधारण दोन वर्षे पुढे जातो. ही तपासणी करायची की नाही, हा घाईने घ्यायचा निर्णय नाही. आधी मुलीकडे पाहा.

शाळकरी_मुलाचा_बाबा

फार दिलासा वाटला. रुग्णालयातून सुटी होण्याआधी तिथल्या परिचारिकांकडून तीन गोष्टी स्वतःच्या हाताने करून शिकून घ्या, केवळ ऐकून घेऊ नका : इन्सुलिन टोचणे, जेवणातल्या कर्बोदकांचा अंदाज घेणे, आणि साखर ७० च्या खाली गेली तर काय करायचे ते. शेवटची गोष्ट घरातल्या प्रत्येकाला यायला हवी, आजोबांनाही. मूल घामाघूम होते, थरथरते, चिडचिड करते किंवा गप्प बसते. अशा वेळी लगेच विरघळणारी साखर द्यायची. आम्हाला वजनाच्या दर किलोमागे ०.३ ग्रॅम असे प्रमाण शिकवले होते, म्हणजे बावीस किलोच्या मुलाला सहा-सात ग्रॅम. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचे. चॉकलेट देऊ नका, त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर सावकाश चढते. मूल शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालायचे नाही. त्यासाठी ग्लुकागॉन हे साखर चढवणारे औषध मिळते, ते डॉक्टरांकडून लिहून घ्या आणि वापरायचे कसे तेही शिकून घ्या.

शाळेसाठी एक कागद तयार करा. त्यावर ही लक्षणे, लगेच काय द्यायचे आणि तुमचा दूरध्वनी क्रमांक असू द्या. तिला वर्गात पाणी पिण्याची, लघवीला जाण्याची, साखर तपासण्याची आणि गरज पडल्यास खाण्याची मोकळीक लेखी मागा. ज्या वर्गशिक्षिकेने तिच्या बाटलीकडे लक्ष दिले, त्या तुमच्या सर्वांत मोठ्या आधार ठरतील असे मला वाटते. त्यांना निदान नक्की कळवा. वाढदिवस, सहल, खेळाचा तास यांतून तिला वगळले जाऊ नये, याकडेही लक्ष ठेवा. माझा मुलगा रोज फुटबॉल खेळतो; खेळाच्या दिवशी मात्रा आणि खाणे कसे बदलायचे, ते आम्ही हळूहळू शिकलो.

न उघडलेले इन्सुलिन फ्रीजमध्ये २ ते ८ अंशांत ठेवा, पण बर्फाच्या कप्प्याजवळ नको. एकदा गोठलेले इन्सुलिन पुन्हा वितळले तरी वापरायचे नसते. वापरात असलेले बहुतेक प्रकार सामान्य तापमानात साधारण चार आठवडे चालतात, म्हणून उघडल्याची तारीख त्यावर लिहून ठेवा. आणि ताप किंवा उलट्यांच्या दिवशी ती काही खात नाही म्हणून इन्सुलिन पूर्ण थांबवू नका, आजारपणात गरज अनेकदा वाढते. त्या दिवसांत साखरेबरोबर कीटोनही तपासायचे आणि डॉक्टरांना फोन करून मात्रा विचारायची.